शब्दकोश, सत्ता आणि लोकव्यवहार : महाड-पोलादपूर परिसरातील काही शब्दांची स्थित्यंतरे

१

कोणत्याही भाषेचा परिचय करून घेऊ लागले की अभ्यासकाच्या हाती प्रथम येते ती शब्दांची यादी. एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. आरंभी अभिवादने, मग नातीगोती, धान्ये, बाजारहाट आणि सरकारदरबार. अशा यादीची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीतक असते. शब्दासमोर अर्थ मांडला की काम पुरे झाले आणि एका शब्दाच्या जागी दुसरा मांडला की भाषा बदलली, असे ती सुचविते. हे गृहीतक कितपत टिकते, ते एका मर्यादित प्रदेशाच्या इतिहासावरून तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके निवडले आहेत. ह्या निवडीस कारण आहे. शब्दांच्या जागी शब्द ठेवण्याचा मराठीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उद्योग, म्हणजे राज्यव्यवहारकोश, ज्या राजधानीच्या आश्रयाने सिद्ध झाला ती रायगडची राजधानी महाड तालुक्यात आहे. त्यानंतर अडीच शतकांनी त्याच गडाच्या पायथ्याच्या प्रदेशात रोजच्या बोलण्यातील काही शब्दांचे अर्थ पार बदलले. आणि तो बदल कोणत्याही कोशाने घडविलेला नव्हता. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे शब्द आणि सत्ता ह्यांच्या संबंधाविषयी काही निश्चित विधान करता येते.

२

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. राज्यव्यवहारकोशाची रचना त्यानंतरच्या काही वर्षांतील मानली जाते. ग्रंथ रघुनाथ पंडिताच्या नावे प्रसिद्ध असला, तरी कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद असून धुंडिराज व्यासाचे नावही पुढे केले जाते. ग्रंथ संस्कृत पद्यात आहे. राज्यकारभारात रूढ असलेल्या सुमारे १४०० फारसी, अरबी व दक्षिणी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. अमरकोशाच्या धर्तीवर त्याचे दहा वर्ग पाडले आहेत : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शिवचरित्रप्रदीप’ ह्या ग्रंथामुळे तो विसाव्या शतकातील अभ्यासकांस सहज उपलब्ध झाला.

सतरावे शतक हे एकंदरीतच शब्दसंग्रहांचे शतक होते. फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाच्या वायव्य भागात बोलल्या जाणाऱ्या इलोकानो भाषेचे व्याकरण फ्रान्सिस्को लोपेस ह्या ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्याने १६२७ मध्ये प्रसिद्ध केले. गोव्यात फादर स्टीफन्स ह्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. ह्या दोन्ही ग्रंथांचा हेतू परक्याला स्थानिकांची भाषा समजावी आणि धर्मोपदेश करता यावा, असा होता. रायगडच्या कोशाचा हेतू ह्याच्या उलट आहे. तो आपल्याच माणसांसाठी आहे आणि त्यांना ठाऊक असलेल्या शब्दांचा अर्थ तो सांगत नाही. त्या शब्दांच्या जागी कोणते शब्द वापरावेत, हे सांगतो. पाद्र्यांचे संग्रह वर्णनपर आहेत, राज्यव्यवहारकोश आदेशपर आहे. कोशाच्या प्रास्ताविक श्लोकांतच हे प्रयोजन स्पष्ट केले आहे.

मग प्रश्न असा, की आदेश किती पाळला गेला?

३

कोशातील सर्वांत परिचित शब्द अष्टप्रधानांचे आहेत. पेशवा हा प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापती. ही नावे राज्याभिषेकाबरोबर अधिकृत झाली. परंतु पुढच्या शतकाचा इतिहास पाहिला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत बाळाजी विश्वनाथाच्या घराण्याकडे हे पद आले, तेव्हा त्यांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ हीच संज्ञा कोरली गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवा’ हाच शब्द राहिला, आणि इतिहासाने त्या संपूर्ण काळाला नाव दिले तेही ‘पेशवाई’ असे. शिक्क्याची भाषा एक, तोंडची भाषा दुसरी. कोशाने पहिली बदलली, दुसरीला तो स्पर्श करू शकला नाही.

हीच गोष्ट इतर वर्गांविषयी. लेखनवर्ग हा कोशाचा स्वतंत्र भाग आहे. तथापि लेखनाची सामग्री म्हणजे कागद, शाई आणि दौत ह्यांची नावे मराठीत फारसी-अरबी वळणाचीच राहिली. पण्यवर्ग आहे, पण मालाची घेवाणदेवाण बाजारात आणि दुकानातच होत राहिली. दुर्गवर्ग आहे, गडाखालच्या लोकांनी मात्र दुर्गही म्हटले नाही आणि किल्ल्यावरही भर दिला नाही. त्यांचा शब्द ‘गड’ हाच होता, आणि तोच रायगडाच्या नावात आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसऱ्यांच्या नावाशी निगडित आहे. त्यांच्या नावामागे लोकस्मृतीने ‘सुभेदार’ हा शब्द कायम ठेवला. तोच शब्द पुढे इंग्रजांच्या पलटणीतील हुद्द्याचे नाव बनला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी त्या हुद्द्यामुळे सुभेदार म्हणून ओळखले गेले. मोगलाईतील प्रांताधिकारी, शिवकालातील सेनानी, कंपनीच्या व राणीच्या लष्करातील देशी अधिकारी : हुद्दा तीनदा बदलला, शब्द बदलला नाही.

खुद्द स्थलनामे व आडनावे पाहावीत. ‘पोलादपूर’ ह्या नावाचा पूर्वपद फारसीतून आलेला आणि उत्तरपद संस्कृत. महाडच्या ‘चवदार’ तळ्याच्या नावात ‘चव’ हे मराठी आणि ‘-दार’ हा फारसी प्रत्यय. १९२४ च्या सुमारास महाड नगरपालिकेच्या कारभारात अग्रभागी असलेल्या सुरेंद्रनाथ टिपणीस ह्यांच्या आडनावात संस्कृत वळणाचे ‘टिपण’ आणि फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा हे दोन घटक एकजीव झाले आहेत. बोलणाऱ्याला ह्यांत कोठेही सांधा जाणवत नाही. जो सांधा जाणवत नाही तो उकलण्याची गरजही समाजाला भासत नाही.

येथे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या गणनेचा उल्लेख आवश्यक आहे. निरनिराळ्या काळांतील मराठी पत्रे घेऊन त्यांनी फारसी शब्दांचे प्रमाण मोजले. १६२८ च्या पत्रात ते सुमारे ८५ टक्के, १६७७ मध्ये सुमारे ३७ टक्के आणि १७२८ मध्ये सुमारे ६ टक्के भरले. ह्या आकड्यांवरून शिवकालात भाषेची शुद्धी झाली, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो निष्कर्ष जपून स्वीकारला पाहिजे. एकेका पत्रातील शब्द मोजून त्या काळच्या सर्व लेखनाविषयी बोलता येत नाही. मग बोलण्याविषयी तर नाहीच. सनद, महजर, खाजगी पत्र आणि हिशेब ह्यांची शब्दकळा एकाच वर्षी, एकाच लेखकाच्या हातीही वेगवेगळी असते. राजवाड्यांचे आकडे दरबारी लेखनाची दिशा दाखवितात, आणि तेवढ्यापुरते ते मोलाचे आहेत. गावच्या चावडीवरील बोलीचा पुरावा म्हणून ते वापरता येणार नाहीत.

कोश निष्फळ ठरला, असे मात्र ह्याचा अर्थ नाही. त्यातील काही शब्द दीर्घ विश्रांतीनंतर परत आले. मंत्री, सचिव आणि प्रधान हे शब्द स्वातंत्र्यानंतरच्या शासनव्यवस्थेत रुळले. शिवकालाची स्मृती आणि अन्य भारतीय भाषांतील समांतर वापर अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. परंतु ते परतले ते अर्थ बदलून. रायगडचा मंत्री हा राजाच्या दैनंदिन वृत्ताची नोंद ठेवणारा होता, आजचा मंत्री खात्याचा राजकीय प्रमुख आहे. रायगडचा सचिव पत्रांची शुद्धाशुद्धता तपासणारा, आजचा सचिव खात्याचा प्रशासकीय प्रमुख. अमात्य आणि सुमंत परतलेच नाहीत, कारण त्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत रिकामी जागा नव्हती. अर्थात संस्थेने शब्दाला बोलावले. शब्दाने संस्था घडविली नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले. तरीही त्यातील अनेक पदनामे आज सहज वापरात आहेत, कारण अर्जावर, फलकावर आणि नेमणुकीच्या आदेशावर ती रोज लिहिली गेली. तथापि महाड आणि पोलादपूरचा महसुली अधिकारी आजही ‘तहसीलदार’च आहे. दोन कोश होऊन गेले. ज्या शब्दाला लोकांच्या रोजच्या कामाचा आधार होता, तो राहिला.

४

आता दरबारातून शेताकडे वळू. ह्या दोन तालुक्यांच्या ग्रामजीवनावर दीर्घकाळ छाप होती ती खोती पद्धतीची. ‘खोत’ हा शब्द जुना आहे. चौदाव्या शतकातील बरनीच्या फारसी इतिहासात ‘खूत’ नावाच्या ग्रामीण अधिकाऱ्याचा उल्लेख येतो आणि त्याचा संबंध कोकणच्या खोताशी जोडणारे मत प्रसिद्ध आहे. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा हा मध्यस्थ कालांतराने गावाचा धनीच बनला. त्याच्या भोवती मक्ता, अर्धेल, फाळा, वेठ असा शब्दांचा एक परिवार होता. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’चा वंशज, म्हणजे शब्द शुद्ध देशी, आणि त्याचा अनुभव तितकाच जाचक. शब्दाच्या कुळाचा आणि त्याच्या वागणुकीचा काही संबंध नसतो, हे भाषाशुद्धीच्या चर्चेत सहसा विसरले जाते.

ह्या परिवारातील सर्वांत बोलका शब्द ‘कूळ’ हा होय. मूळ अर्थ वंश किंवा घराणे. त्यावरून जमीन कसणारे घर, आणि पुढे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा इसम, असा अर्थसंकोच झाला. खोताच्या तोंडी ‘माझी कुळे’ ह्या शब्दप्रयोगात मालकीचा भाव होता. ह्या व्यवस्थेला विरोध वाढत गेला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष संपली ती १९४९ च्या कायद्याने. १९४८ च्या कूळकायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून जमीन कसणारा तिचा खरेदीदार मानला गेला.

ह्यानंतर ‘कूळ’ शब्दाचे काय झाले? तो नष्ट झाला नाही, त्याची बाजू बदलली. ‘कूळ असणे’ ही पूर्वी परावलंबनाची स्थिती होती. आता ‘कूळ लागणे’ ह्या प्रयोगाने जमीनमालक सावध होऊ लागला. ध्वनी तोच, व्याकरण तेच, कोशातील अर्थही बहुतांशी तोच. परंतु त्या शब्दाने कोणी कोणाला भ्यावे, हे उलटले. अर्धेल, वेठ हे शब्द मात्र व्यवहारातून सरले आणि जुन्या कागदपत्रांत व वाक्प्रचारांत उरले. ‘वेठीस धरणे’ हा प्रयोग आज शहरातील वाचकही करतो. त्यामागे कोणाचे तरी विनामोल श्रम होते, हे त्याला आठवत नाही.

५

ह्याच प्रदेशात आणखी एका शब्दाच्या अर्थाचा निकाल लागला. तो शब्द म्हणजे ‘सार्वजनिक’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा संस्कृत शब्द मराठी नागरी जीवनात रूढ झाला. १८७० ची पुणे सार्वजनिक सभा, महात्मा फुल्यांचे मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आणि पुढे सार्वजनिक गणेशोत्सव, अशी त्याची वाटचाल दिसते. कोशातील अर्थ सोपा : सर्व जनांचा. परंतु ‘सर्व’मध्ये कोण येतो, हे कोश सांगत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले ह्यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले करावेत, असे ठरले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तदनुसार ठराव केला. कागदावर चवदार तळे सार्वजनिक झाले. व्यवहारात त्या ठरावाने कोणाच्याही ओंजळीत पाणी पडले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. आंबेडकरांसह सहस्रावधी लोकांनी तळ्याचे पाणी घेतले. लगोलग त्यांच्यावर हल्ले झाले. नगरपालिकेने पुढे आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात काही स्पृश्य नागरिकांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. त्यामुळे २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु तळ्यावरील सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला.

ह्या घटनांचे सामाजिक व राजकीय महत्त्व सर्वमान्य आहे. भाषाभ्यासकाने त्यांकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. एका विशेषणाचा अर्थ निश्चित करण्यास येथे चौदा वर्षे लागली, आणि तो निश्चित झाला तो शब्दकोशकारांच्या बैठकीत नव्हे. ज्यांना त्या अर्थातून वगळले होते त्यांनीच तो पुरा केला.

६

शेवटी अभिवादनाकडे येऊ. परक्या भाषेच्या शब्दसूचीत ते पहिले असते, कारण ते सर्वांत निरुपद्रवी समजले जाते. मराठीच्या इतिहासात ते कधीच निरुपद्रवी नव्हते. नमस्कार, रामराम, मुजरा, सलाम, जोहार ह्यांतील कोणता शब्द कोणी कोणास उच्चारावा, हे जातीवरून ठरत असे. सोनारांनी ‘नमस्कार’ शब्द वापरू नये म्हणून पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईतील कंपनी सरकारने १७७९ मध्ये मनाई केली होती. एका शब्दासाठी दोन सत्तांनी एकत्र यावे, ह्यावरून त्या शब्दाचे वजन समजते.

‘जोहार’ हा महारांचा अभिवादनशब्द होता. त्याचा राजपुतांच्या ‘जौहर’शी, अथवा पन्हाळ्याच्या वेढ्यातील सिद्दी जौहरच्या नावाशी संबंध जोडणे चुकीचे आहे, ते शब्द निराळे. चोखामेळा आणि एकनाथ ह्यांच्या रचनांत ‘जोहार’ हा एक रचनाप्रकारच बनला, इतका तो परिचित होता. पण ह्या शब्दात हीनतेचा अर्थ उपजत होता काय? तसे दिसत नाही. गुजरात-राजस्थानात ‘जुहार’ प्रतिष्ठितांतही चालला. झारखंडमध्ये ‘जोहार’ आजही सन्मानाने, परस्परांस केला जातो. महाराष्ट्रात त्याला हीनत्व आले ते त्याच्या एकेरी दिशेमुळे. वरिष्ठ जातीचा मनुष्य महाराला जोहार करीत नसे. ब्राऊन आणि गिलमन ह्यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांच्या आधारे दाखवून दिले की संबोधन एकाच बाजूने आदराचे असेल तर ते सत्तेचे चिन्ह असते, आणि दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर सख्याचे. जोहाराचा अर्थ अशा रीतीने शब्दात नव्हता. उत्तराच्या अभावात होता.

त्या एकेरी व्यवस्थेवर ह्याच परिसरातून प्रश्न उठले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर लिहू लागले, १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९२७ नंतर हा प्रवाह वेगाने वाढला. ‘जयभीम’ ह्या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४-१९३९) ह्यांना दिले जाते आणि त्याचा प्रसार १९३५ च्या सुमारास सुरू झाल्याचे मानतात. जोहारामागे जी वतनी सेवाचाकरी होती तिचा कायदेशीर आधार १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणाऱ्या कायद्याने गेला. ‘जयभीम’ची रचना पाहिली तर तिच्यात नवा प्रत्यय वा नवा धातू नाही. नवीन आहे ते एवढेच, की ‘जयभीम’ला उत्तर ‘जयभीम’ हेच असते.

इलोकानोचे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. त्या भाषेत उपकार मानताना ‘दियोस ति अग्ङिना’ असे म्हणतात. त्यातील ‘दियोस’ हा देववाचक शब्द स्पॅनिश आहे, ‘ङिना’ म्हणजे मोल हा इलोकानोचा आपला. देवच ह्याचे मोल करील, असा एकूण भाव. जित आणि जेते ह्यांचे शब्द त्यात ‘चवदार’प्रमाणेच एकजीव झाले आहेत. कोणता घटक कोठला, हे सांगता आले तरी आज तो प्रयोग कोण कोणाला करतो आणि त्यातून कोणते नाते व्यक्त होते, हे केवळ व्युत्पत्तीवरून कळत नाही.

७

उपरोक्त उदाहरणांवरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, राज्यसंस्थेने दिलेले शब्द राज्यसंस्थेच्या लेखनात टिकतात आणि तिची गरज पुन्हा उद्भवली की परतही येतात. परंतु त्यांचा अर्थ त्या त्या काळची संस्था ठरविते. दुसरा, शब्दाचे मूळ कोणत्या भाषेत आहे ह्यावरून त्याचे सामाजिक मूल्य ठरत नाही. ‘वेठ’ संस्कृतोद्भव होता आणि ‘चवदार’ अर्धा फारसी; ह्यांपैकी कोणत्या शब्दाने माणसाला वाकविले, हे इतिहास सांगतो. तिसरा, गावपातळीवरील शब्दांचे अर्थ तेव्हा बदलतात, जेव्हा त्या शब्दांनी बांधलेले माणसामाणसांतील नाते बदलते.

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ह्या जिल्ह्यात क्षेत्रकार्यास जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रह करताना केवळ शब्द व अर्थ अशी दोन सदरे न ठेवता आणखी तीन ठेवावीत : हा शब्द कोण कोणाला उच्चारतो, त्यास उत्तर काय येते, आणि बोलणाऱ्याच्या आठवणीत पूर्वी ह्या जागी कोणता शब्द होता. खोती प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. तिच्या तोंडून ऐकलेले शब्द ज्यांच्या स्मरणात आहेत, अशी माणसे महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांत अद्याप भेटतात. ही तीन सदरे भरण्याचे काम त्यांच्याकडूनच होऊ शकते, आणि ते फार काळ लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.